सुया बदलून देणाऱ्या बाई

दुकानात आल्या की बाई आधी दोन्ही हात काउंटरच्या काचेवर पसरायच्या. आधी तळवे वर, मग उलटे.

"बघा हो भाऊ, कुठं खरचटलंय काय? माझी नजर आता लागत नाय."

मी चष्मा सारखा करून बघायचो. मासे साफ करणारे हात ते. कधी पेरावर काटा लागल्याची बारीक रेघ असायची, कधी कोयतीचा ओरखडा. काही दिसलं की मी चिकटपट्टी द्यायचो. ती लावून त्या वर जाड रबरी हातमोजे चढवायच्या, पिशवीतून पांढरा डबा आणि लांब दांड्याचा चिमटा काढायच्या आणि बंदराच्या दिशेनं उतरायला लागायच्या. हात कोरे असले तर म्हणायच्या, "चला, आज दारं बंद हायत." अंगावरची प्रत्येक जखम त्यांच्या लेखी उघडं राहिलेलं दार होतं.

रत्नागिरीत बंदराकडे तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. ठेंगण्या, काटक, पन्नाशीच्या आसपास. साडी नेसलेली आणि पायात मात्र पुरुषी, जाड तळव्याचे बूट, भर मे महिन्यातसुद्धा. चालताना नजर जमिनीवर. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचं कानातलं पडलं असावं. बाई सुया शोधत असायच्या.

गर्द टोचून घेणारी माणसं आपल्या गावात आहेत, हे आपण बराच काळ मान्य केलं नाही. मीही नाही. एकाच सुईनं चौघांनी टोचून घेतलं आणि त्यातल्या एकाला एचआयव्ही असला, तर तो चौघांच्या घरी जातो. म्हणून एका संस्थेनं इथे केंद्र काढलं होतं. वापरलेली सुई परत आणायची, नवी घेऊन जायची. बाई त्या केंद्रात कामाला होत्या. रोज सकाळी पूर्णगडहून एसटीनं यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. टोचणारी माणसं त्यांना मावशी म्हणायची. मी बाई म्हणायचो.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे. औषधांचं दुकान चालवणाऱ्याला तपासनिसाची थोडी भीती असतेच. मला ती जरा जास्त. शेजारी काय म्हणतील याचीही.

आमची ओळख भांडणातून झाली. सदा नावाचा एक माणूस होता. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. तिशीतला, हुशार, पण हातापायांच्या काड्या झालेल्या. तो एकदा सिरिंज मागायला आला. मी म्हटलं, "संपल्यात." मागच्या फळीवर अख्खं खोकं दिसत होतं. त्यानं खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेला. तासाभरानं बाई आल्या.

"सुई का नाय दिलीत हो त्याला?"

"चिठ्ठी लागते."

"सिरिंजला चिठ्ठी लागत नाय. मला ठाऊक हाय आणि तुम्हालाही ठाऊक हाय."

"अहो, मी दिली तर माझ्या दुकानासमोर रांग लागेल त्या लोकांची."

"नाय दिलीत तर दुसऱ्याची घेतील. मगे ते घरी जातील. घरी बायका हायत." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "भीती वाटते ना? वाटू दे. फक्त खोटं नका बोलू. फळीवर दिसतंय खोकं."

मला हसू आलं. त्याही हसल्या. केंद्र बंद असेल त्या दिवशी तरी मी नाही म्हणणार नाही, असं मी त्यांना कबूल केलं. हे कबूल करणं लक्षात ठेवा. पुढे त्याचं काय झालं ते सांगायचं आहे.

त्यानंतर चार वर्षं त्या रोज माझ्या दुकानावरून गेल्या. एका दुपारी वीज गेली होती. गिऱ्हाईक नव्हतं. त्या स्टुलावर बसून पदरानं वारा घेत होत्या. मी सहज विचारलं, "बाई, या कामात कशा पडलात तुम्ही?"

त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट वर केलं. "इथं लागली होती."

आधी त्या एका खासगी दवाखान्यात आया होत्या. कचऱ्याची पिशवी बांधताना आतली सुई बोटात गेली. कोणाची, कधीची, कोणी सांगेना. मग महिनाभर गोळ्या आणि सहा महिने वाट बघणं. तपासणी, परत तपासणी, परत तपासणी.

"सहा महिने माझं ताट वेगळं," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितलं नाय वेगळं करायला. मीच केलं. सासू काय बोलली नाय, पण तिनं ते ताट परत फळीवर पण नाय ठेवलं. नवरा मुंबईत. फोनवर सांगितलं, तर म्हणाला, बरं बरं, काळजी घे. त्या वर्षी गणपतीला आला नाय. सुट्टी नाय म्हणाला."

"आणि निकाल?"

"चांगला आला. मगे शिमग्याला आला घरी. मी पुरणाच्या पोळ्या केल्या. वाढताना मनात आलं, ह्याला विचारावं, सुट्टी कशी मिळाली? पण खाऊ दिलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तेव्हा मला कोणी तरी नुसतं बाजूला बसायला हवं होतं हो. बोलायला नाय. बसायला."

वीज आली आणि त्या उठल्या.

त्यांच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला एक कागद असायचा. एचआयव्हीच्या कायद्यातलं एक कलम, केंद्रातल्या कोणी तरी मराठीत करून दिलेलं. अक्षरं बारीक, म्हणून एकदा त्यांनी मला वाचायला लावलं. संसर्ग टळावा म्हणून ठरवून दिलेल्या रीतीनं केलेलं काम गुन्हा ठरत नाही, असा त्याचा अर्थ. आणि खाली समजावण्यासाठी उदाहरण होतं. 'क्ष' ही व्यक्ती नोंदणी असलेल्या केंद्रातर्फे 'य' या नशा टोचणाऱ्या माणसाकडून वापरलेली सुई घेते आणि त्याला नवी देते. क्षवर गुन्हा नाही आणि यवरही नाही.

"परत वाचा," बाई म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"क्ष म्हणजे मी," त्या खूश होऊन म्हणाल्या. "आणि य म्हणजे आपला सदा. बघा हो, कायदा करणाऱ्यांनी आम्हाला पाहिलेलं दिसतंय."

"मग कशाला घाबरता पोलिसांना?"

"कायदा दिल्लीचा. तिथनं मुंबईला येणार, राज्य त्याचे नियम करणार, मगे जिल्ह्याला पत्र, मगे चौकीला. मी रोज चौकीवरनं जाते. पत्र अजून वाटेत हाय."

थट्टा करत असल्या तरी त्यांना भीती होती. चौकी आली की पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घ्यायच्या, रस्त्यापासून लांब. हे पत्र लवकर यावं म्हणून त्या एकदा एका आमदारांच्या कार्यालयातही जाऊन आल्या. विधानसभेत कोणी तरी विचारावं, पोलिसांना राज्यानं नीट कळवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिथला माणूस म्हणाला, नशेवाल्यांना सुया वाटा असं आम्ही कसं बोलायचं, लोक काय म्हणतील? बाई म्हणाल्या, "वाटा नाय हो, बदला. एक घ्यायची, एक द्यायची." त्यानं अर्ज ठेवून घेतला. त्या अर्जाचं काही कळलं नाही.

मग ती दुपार आली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक शाळेतल्या बाई आणि एक आमच्याच आळीतले गृहस्थ. फोन वाजला. पलीकडचा आवाज पोलिसाचा होता.

"मेडिकलवाले का? इथं एक बाई बसवली आहे. पिशवीत वापरलेल्या सुया सापडल्यात, डबाभर. म्हणते, तुम्ही तिला ओळखता. ओळखता का?"

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती.

"गिऱ्हाईक म्हणून येतात," मी म्हणालो. "बाकी मला काही माहीत नाही."

"सुया तुमच्याकडनं घेते?"

"नाही, नाही. माझा काही संबंध नाही."

फोन बंद झाला. मी शाळेतल्या बाईंना खोकल्याचं औषध दिलं. तेवढ्यात शटर ओढून चौकीपर्यंत चालत गेलो असतो तर पाच मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोटरसायकलचा आवाज आला की वाटायचं, आता माझ्याकडे आले.

संध्याकाळी केंद्राचे साहेब कागदपत्रं घेऊन गेले आणि बाईंना सोडवून आणलं. गुन्हा नोंदला नाही. डबा मात्र चौकीतच राहिला. केंद्रानं ठरवलं की वरून पत्र येईपर्यंत बाहेर फिरायचं नाही. ज्याला हवं त्यानं केंद्रात यावं. पण केंद्रात कोण येणार? बंदरावर बातमी फिरली होती की मावशीच्या वहीतली नावं पोलिसांना मिळाली. वहीत नावं नव्हतीच. नुसते आकडे होते. ते कोण जाऊन बघतंय? माणसं पांगली. सुई जवळ सापडली तर धरतील, म्हणून टोचून झालं की जागच्या जागी फेकायला लागली. गटारात, जाळ्यांच्या ढिगात, भिंतीच्या फटीत. नवी मिळेनाशी झाली तशी एकाची चौघांत फिरायला लागली.

बाई माझ्या दुकानावरून जाईनाशा झाल्या. दुसऱ्या रस्त्यानं जात असाव्यात.

त्याच दिवसांत एका दुपारी सदा आला. पायरीवरच उभा राहिला, आत आला नाही. "भाऊ, एक सुई द्याल?" त्याचा आवाज इतका खाली होता की मला ओठांवरून कळलं. मी रस्त्याकडे बघितलं. लांबवर खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. नंतर कळलं, तो पोस्टमन होता.

"नाहीत," मी म्हणालो.

यावेळी खोकं मी आधीच आत ठेवलं होतं. सदानं फळीकडे बघितलंसुद्धा नाही. "बरं," म्हणाला आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी शटर उघडताना, पायरीशेजारचं गटार तुंबलेलं दिसलं. एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती. मी वाकून ती हातानंच ओढली. अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या मांसल भागात, काही तरी चावल्यासारखं झालं. हात वर घेतला तर सिरिंज लोंबकळत होती. आत वाळलेलं तांबूस रक्त.

त्या क्षणाचं वर्णन मला करता येणार नाही. तुमच्यापैकी ज्याच्या डॉक्टरनं कधी निकाल सांगण्याआधी दार लावून घेतलं असेल, त्याला थोडं समजेल. मी सुई उपटून टाकली आणि जखम पिळायला लागलो. रस्त्यावर दूधवाला, शाळेची रिक्षा, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. बायकोला फोन करावा असं मनात आलं नाही. डॉक्टरलाही नाही. बोटानं आपोआप बाईंचा नंबर काढला.

"बाई, मला सुई लागली."

"वापरलेली?"

"हो."

"पिळताय काय?"

"हो."

"सोडा आधी. पिळू नका, तोंडात घालू नका. साबण लावा आणि नळाखाली धरा. मी मांडवीत हाय. येते."

त्या रिक्षा घेऊन आल्या आणि ती थांबवून ठेवली. माझा हात हातात घेऊन उन्हात धरला. टिंबाएवढी खूण. मग चिमट्यानं ती सुई उचलून केंद्रातून आणलेल्या दुसऱ्या डब्यात टाकली, गटारात आणखी एकदा चिमटा फिरवला, माझं शटर स्वतः खाली ओढलं आणि मला रिक्षात बसवलं.

वाटेत मी विचारलं, "बाई, किती शक्यता असते?"

"कमी असते. किती ते डॉक्टर सांगतील. पण तुम्हाला ती कमी वाटायची नाय, ते मला ठाऊक हाय."

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. रक्त घेतलं. लगेच पहिली गोळी दिली आणि अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यायला सांगितलं. पुढे दीड महिन्यानं तपासणी, तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी शेवटची. आयुष्यभर मी लोकांना गोळ्या मोजून दिल्या. ही गोळी हातात घेतली तेव्हा ती तोंडापर्यंत नेता येईना. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"घरी सांगा," त्या म्हणाल्या.

"नको. निकाल आल्यावर."

"सहा महिने लपवून काय कराल? ती विचारील, असे का वागताय? मगे आणखीन खोटं बोलाल."

त्या माझ्याबरोबर घरी आल्या. माझी बायको भाजी निवडत होती. मी सांगितलं. किती वाक्यं बोललो आठवत नाही. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या आणि बाईंकडे वळून विचारलं, "मग मी काय करायचं आणि काय नाही, ते सांगा." बाईंनी सांगितलं. ताट, पेला, कपडे, शेजारी बसणं, कशानंही होत नाही. दाढीचं पातं वेगळं. आणि बाकीचं त्या दोघी माजघरात जाऊन बोलल्या. बाहेर आल्यावर बायकोचे डोळे लाल होते, पण तिनं तिघांना चहा केला.

तरी मी माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर लावायला लागलो. पेलाही वेगळा ठेवला. बायको तो परत मांडणीत लावायची, मी परत काढायचो. गोळ्यांनी मळमळायचं, स्वप्नं पडायची. दाढी करताना कापलं तर मी वस्तरा ठेवून आरशासमोर उभा राहायचो. गिऱ्हाइकाच्या हातात पुडी देताना माझं बोट त्याला लागू नये म्हणून पुडी काचेवर ठेवायचो. असं काही होत नाही हे मला पुस्तकातून आणि बाईंकडून, दोन्हीकडून माहीत होतं.

बाई पुन्हा रोज येऊ लागल्या. स्टुलावर बसायच्या, दहा-पंधरा मिनिटं. कधी पूर्णगडच्या मासळीच्या भावाबद्दल बोलायच्या, बहुतेक वेळा गप्पच. साधारण दहाव्या दिवशी मला राहवलं नाही.

"बाई, त्या दिवशी चौकीतून फोन आला होता..."

"मी समोरच बसले होते," त्या म्हणाल्या. "स्पीकरवर होतात तुम्ही."

"मग त्या सकाळी आलात कशा तुम्ही?"

"सुई लागली म्हणालात म्हणून." त्या हातमोज्याचं बोट ओढायला लागल्या. "राग आला होता. खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवण गेलं नाय. पण भ्यालेल्या माणसाचा आवाज मला ओळखता येतो हो. नवऱ्याचा फोनवर तसाच होता. बरं बरं, काळजी घे."

दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेलो. त्यांच्यासाठी गेलो की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. बाईही बरोबर होत्या, डबा परत मागायला. तिथे आता नवे अधिकारी होते. मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं की या बाईंना मी चार वर्षं ओळखतो, त्यांचं काम मला माहीत आहे आणि आधी फोनवर मी खरं सांगितलं नव्हतं. शेवटचं वाक्य लिहिताना पेन अडलं. अधिकाऱ्यांनी बाईंचा तो प्लास्टिकमधला कागद दोनदा वाचला. "हे आम्हाला कोणी दाखवलंच नव्हतं," म्हणाले. बाईंनी कागद पदरानं पुसून पिशवीत ठेवला. त्यांना चौकीत बसवलं होतं त्या दिवशी त्यांनी तो तीनदा पुढे केला होता, हे मला नंतर कळलं.

मग एक शिपाई डबा घेऊन आला. रिकामा, स्वच्छ धुतलेला, चकचकीत.

बाईंचा चेहरा उतरला. "कोणी धुतला?"

"मीच. घाण होती आत. फेकून दिली."

"हातमोजे होते?"

शिपाई हसला. "हातमोजे कसले, मावशी!"

"हात बघू."

"काय?"

"हात ठेव टेबलावर. दोन्ही. उलटे कर. सुलटे कर." त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की चौकीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. शिपायानं साहेबांकडे बघितलं आणि हात पसरले. मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बघा. माझी नजर लागत नाय." मी वाकून त्याची बोटं एक एक तपासली. आता तोही घाबरला होता. काही नव्हतं. बाई खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. त्यानंतर त्या शिपायानं स्वतःहून त्यांना सुया कुठे फेकल्या ती जागा दाखवली.

पुढे काही आठवड्यांनी वरून पत्र आलं, ते कलम असलेलं. बाई पुन्हा बंदरावर फिरू लागल्या. शिपाई आता लांबूनच विचारायचा, "मावशी, बूट घातलेत ना?"

माणसं हळूहळू परत यायला लागली. सदा मात्र आला नाही. केंद्रात तपासणी करून गेला होता आणि निकाल ऐकून तसाच हेदवीला आईकडे निघून गेला होता. एचआयव्ही होता. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत नव्हता.

बाई एका सकाळी निघाल्या. जयगडपर्यंत एसटी, मग फेरीबोटीनं पलीकडे तवसाळ, तिथून हेदवी. तो गोठ्यामागे बसून होता, आईला काही सांगितलेलं नव्हतं. बाईंनी त्याला परत आणलं, गोळ्या सुरू करून दिल्या आणि त्याच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. कारण कोणी ओळखीचं भेटेल म्हणून तो एकटा जायला तयार नव्हता.

महिन्याभरानं सदा माझ्या दुकानात आला. मळमळीची गोळी मागितली. मी दिली. माझ्या हातून त्या दुपारी सुई मिळाली असती तर काय झालं असतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. बाईंनीही तो विषय कधी काढला नाही. सदा जाताना म्हणाला, "भाऊ, तुम्हाला पण लागली होती म्हणे. बरे हाव ना?" मी मान हलवली. तो गेल्यावर बराच वेळ मला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघता आलं नाही.

आता बाई इथे नाहीत. संस्थेनं दुसऱ्या जिल्ह्यात नवं केंद्र काढलं आणि तिथल्या लोकांना शिकवायला त्यांना बोलावलं. नवरा निवृत्त होऊन पूर्णगडला आला होता. मी विचारलं, "त्यांचं जेवणखाण?" म्हणाल्या, "करील. इतकी वर्षं मुंबईत करत होताच की." त्यांच्या जागी आता दुसऱ्या ताई येतात. चांगल्या आहेत. माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूला आता वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा भिंतीला लावलेला आहे. शेजाऱ्यांपैकी दोघांनी माझ्याकडून औषधं घेणं बंद केलं. मला अजूनही भीती वाटते. खाकी कपडे दिसले की मी आधी दचकतो, मग नीट बघतो.

बाई निघाल्या त्याच दिवशी माझी शेवटची तपासणी होती. दुपारची कोल्हापूर गाडी. "निकाल घेऊन स्टँडवर या," असं त्यांनी बजावलं होतं. रुग्णालयात त्या दिवशी गर्दी होती. कागद हातात पडला तेव्हा मी तो उघडून वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग बायकोला फोन केला. ती फक्त "हं" म्हणाली आणि रडायला लागली. स्टँडवर धावत पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती.

बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि गाढ झोपल्या होत्या. डोकं गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मांडीवर हात सैल पडलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना डोळे मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं. पहाटेपासून घर आवरत असणार. काचेवर टकटक करायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. कंडक्टरनं बेल मारली. गाडी मागे आली, वळली, गेली. मी खांबाजवळ कागद धरून उभा होतो.

दुकानात येऊन शटर उघडलं. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. मागून फेरीवाल्यांचा आवाज येत होता. गाडी पालीला थांबली होती.

"बाई, निकाल..."

"कळला मला," त्या म्हणाल्या. "गाडी सुटताना डोळे उघडले, तर तुम्ही उभे होतात. वाईट असता तर उठवलं असतंत."